तुम्ही विचारलंत म्हणून: कॉकटेलच्या आधी कोरी जिन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि या वेळी पूर्ण सांगतो. बारच्या काउंटरमागे ग्लास भरता भरता उभ्या उभ्या ते जमत नाही. चार ऑर्डरी थांबलेल्या असतात आणि विचारणारा अर्धं ऐकून टेबलावर परत जातो.

प्रश्न ठरलेला आहे. 'आम्ही दोघं काहीतरी छान, रोमँटिक प्यायला आलो. तुम्ही आधी हातात घोटभर कोरी जिन देता, वास घ्या म्हणता, कार्डावर प्रत्येक नावापुढे दारू किती मिली ते लिहून ठेवता. सगळा मूड जातो हो.' कुणी हसत म्हणतं, कुणी थेट मालकांकडे जातं. एका ताईंनी तर विचारलं, तुम्हाला जोडप्यांचा राग आहे का?

राग कशाला असेल? आमचा बार नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला, कॉलनीचाच म्हणावा असा. सातपूरच्या कंपन्यांतून सुटलेली मंडळी येतात, समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर येतात. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस महिन्यातून एकदा येतात आणि दोघांत एक व्हिस्की घेतात. दोघांनी समोरासमोर बसून, फोन बाजूला ठेवून तासभर बोलावं, यासाठी मी मनापासून राबतो. फेब्रुवारीतल्या त्या जोडप्यांच्या, व्हॅलेंटाइनच्या आठवड्यासाठी गुलकंद पाण्यात उकळून, गाळून त्याचा पाक मीच करतो. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, आजही दिंडोरीकडच्या पॉलीहाऊसमधून गुलाब बाहेरगावी जातो. अशा गावात गुलाबाचं चांगलं कॉकटेल मिळू नये हे मला पटेना. जिन, लिंबू, गुलकंदाचा पाक आणि सोडा. दुसरं काळ्या द्राक्षांचं. त्या दिवसांत द्राक्षाची काढणी जोरात असते, निफाडचा माल ताजा मिळतो. द्राक्षं सालीसकट चेचायची, त्यात ब्रँडी, वर किंचित मिरी. मूड मारायचा असता तर एवढा खटाटोप केला नसता.

आता कोऱ्या जिनचं. दर गुरुवारी आमच्याकडे टेस्टिंग असतं. चार छोटे ग्लास, प्रत्येकात दहा-पंधरा मिली, मधे पाण्याचा तांब्या. ग्लास नाकात खुपसायचा नाही, थोडा लांब धरायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, म्हणजे अल्कोहोलचा झणका कमी लागतो आणि मागचं काही कळतं. मग दोन थेंब पाणी. पाण्यानं वास मोकळा होतो, हा नुसता समज नाही, खरंच होतो. जिनमध्ये ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा तो राळेसारखा वास, धण्याचा, लिंबाच्या सालीचा. रममध्ये उसाची मळी. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीतही बहुतेक मळीचंच स्पिरिट असतं, हे अनेकांना इथंच पहिल्यांदा कळतं. गिळायची सक्ती नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. जोडप्यांच्या आठवड्यात मी यातलाच एक तुकडा उचलतो. तुमच्या कॉकटेलमध्ये जे पडणार, त्याचा एक घोट आधी तुमच्यासमोर. नको असेल तर नका घेऊ, पण मी आणून ठेवणार.

हीच मंडळी रविवारी गंगापूर धरणाकडे वायनरीत जातात. सुलाची टेस्टिंग रूम २००५ पासून आहे. तिथला मुलगा ग्लास फिरवायला सांगतो, द्राक्षाची जात सांगतो, आणि सगळे शहाण्या विद्यार्थ्यांसारखे ऐकतात. तिथं कुणाचा मूड जात नाही. तेच मी जिनबद्दल सांगितलं की मी अरसिक. वाइनला आपल्या गावात प्रतिष्ठा आली आणि बाकीच्या दारूला परमिट रूमचा अंधारच राहिला. त्या अंधारात ग्लासात काय आहे हे विचारायची पद्धत नाही, सांगायचीही नाही.

आणि कॉकटेलमध्ये तर ते लपतंच. साखर, लिंबू, बर्फाचा गारवा आणि सोड्याचे बुडबुडे एकत्र आले की जिभेला अल्कोहोल फारसं जाणवत नाही. शरीराला मात्र जाणवतं, सोड्यानं तर ते बऱ्याच जणांच्या रक्तात लवकरही जातं. लाँग आयलंड आइस्ड टी नावाचं जे सगळे मागतात, त्यात चहा अजिबात नसतो. व्होडका, रम, जिन, टकीला आणि संत्र्याचं लिकर, प्रत्येकी पंधरा मिली. म्हणजे पाऊणशे मिली दारू, अडीच पेग, वर कोला. नुकती पंचविशी पूर्ण केलेली पोरं तीन मागवतात आणि मी एकानंतर पाणी ठेवतो, तेव्हा त्यांना वाटतं मी बिल वाचवतोय. यकृत आपल्या वेगानं काम करतं, ताशी साधारण एक छोटा पेग. कॉफीनं किंवा लिंबूपाण्यानं तो वेग वाढत नाही. तेवढंच वजन असलेल्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूनं तिला जास्त चढते. मी हे सांगतो तेव्हा बायकांनी कमी प्यावं असा माझा अर्थ नसतो. मला एवढंच म्हणायचंय, की एका टेबलावरचे दोन ग्लास सारखे दिसले तरी दोघांना सारखे नसतात.

पण एवढ्यावरून मी कार्डावर मिली छापले नसते. ते छापले त्या संध्याकाळमुळे.

लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा. तो आमचा नेहमीचा, काउंटरवर माझ्याशी क्रिकेटवर बोलणारा. ती पहिल्यांदाच आली होती. कोपऱ्यातलं टेबल त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, गुलाबाची फुलं स्वतः आणून मांडली होती. मी ऑर्डर घ्यायला गेलो तर तिनंच विचारलं, 'या गुलाबाच्यात दारू किती असते? मी कधीतरी वाइन घेते, तेवढंच.' मी म्हटलं, तीस मिली, एक छोटा पेग. 'मग एक द्या,' ती म्हणाली.

मी काउंटरवर आलो, पाठोपाठ तो आला. हात धुवायला निघाल्यासारखा. पाचशेची नोट काउंटरवर सरकवून म्हणाला, 'तिच्यात दोन लार्ज टाक. गुलाबाचं वरून जास्त घाल, कळायला नको. आज जरा मोकळी होऊ दे तिला.'

दोन लार्ज म्हणजे एकशेवीस मिली. आपल्याकडची जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची. हिशोब केलात तर वाइनच्या अर्ध्या बाटलीहून जास्त अल्कोहोल एका उंच ग्लासात, सरबताच्या चवीचं, कधीतरी वाइन घेणाऱ्या बाईसाठी, तिला न सांगता.

मी म्हटलं, 'दादा, त्यांनी एकच पेग सांगितलाय.' तो म्हणाला, 'अरे, बायको आहे माझी.' मी म्हटलं, 'मग त्यांना विचारून येतो.' 'वेडा आहेस का? सरप्राइज आहे ते.' त्याचा आवाज चढला नव्हता. तो हसत होता. वाईट माणसासारखा दिसत नव्हता, आजही मला तो वाईट माणूस वाटत नाही, आणि त्यानंच सगळं अवघड होतं. नोट मी परत सरकवली. तो टेबलावर जाऊन बसला, मी ऐकणारच अशा खात्रीनं.

मी तीस मिलीचंच केलं. वेटरच्या हाती न देता स्वतः घेऊन गेलो. ग्लास ठेवताना म्हटलं, 'मॅडम, तुम्ही सांगितलंत तसं, एकच पेग आहे.' मला वाटत होतं एवढं पुरेल, तो समजेल आणि विषय तिथंच संपेल. पण तिनं वर बघितलं. 'तसं म्हणजे? दुसरं कसं असणार होतं?'

आता मी काय बोलणार होतो? तिनं मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, 'साहेबांनी दोन लार्ज टाकायला सांगितलं होतं. तुम्हाला न कळता.'

बाजूच्या टेबलावर तिच्याच बिल्डिंगमधलं कुटुंब बसलेलं होतं. त्यांचं बोलणं थांबलं. तो म्हणाला, 'अगं, गंमत होती.' तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं ते रागाचं होतं. 'हे तुम्हाला मला एकटीला सांगता आलं नसतं?' एवढंच म्हणाली आणि पर्स उचलली. त्यानं पैसे टेबलावर टाकले, मालकांकडे बघून 'असली माणसं ठेवता?' म्हणाला. दोघं गेले, एकाच गाडीवर गेले.

पुन्हा दोघांपैकी कुणीही आलं नाही. भाजी बाजारात ती मला कधीतरी दिसते आणि ओळख न दाखवता पुढे जाते. बोलावं असं दर वेळी वाटतं. मी बोललेलो नाही.

मालक त्या रात्री शटर ओढल्यावर खूप वेळ बोलले. नेहमीचं गिऱ्हाईक गेलं, कॉलनीत चर्चा झाली, नवरा-बायकोच्या मधे पडायचं आपल्याला काय कारण. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मालकांपेक्षा जास्त मला ऐकवलं ते मुंबई नाक्याकडच्या परमिट रूममध्ये कामाला लागलेल्या त्या जुन्या पोरानं, म्हणजे मी होतो त्यानं. त्याला उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की गिऱ्हाईक सांगेल ते ओतायचं, टेबलावरचं बोलणं कानावर घ्यायचं नाही. तो म्हणतो, तू बारमन आहेस, पोलीस पाटील नाहीस. तीस मिली टाकून गप्प बसला असतास तर तिला त्रास नसता, त्याला कळलं नसतं, वाढदिवस नीट झाला असता. दारू विकून पोट भरतोस आणि वर शुद्धतेच्या गोष्टी करतोस?

विकतो, खरंच विकतो. माझं घर त्यावर चालतं आणि त्याची मला लाज नाही. पण त्या रात्री गप्प बसलो असतो तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या बारमध्ये दुसऱ्या कुणाला हेच सांगायला मोकळा होता. आणि तिला काय प्यायला दिलं जाणार होतं हे तिघांपैकी फक्त तिलाच माहीत नसतं. यावर तो जुना पोरगा म्हणतो, मग आता तिला माहीत झालं, तिचं काय भलं झालं? तिथं मी अडकतो. लग्नाच्या वाढदिवशी, शेजाऱ्यांसमोर एका बाईचा अपमान झाला आणि शब्द माझ्या तोंडचे होते.

गुरुवारच्या टेस्टिंगला एक वकील येतात. त्यांना मी नावं न घेता हे सांगितलं. त्यांनी फोनवर भारतीय न्याय संहितेचं कलम ६३, बलात्काराच्या व्याख्येचं, काढून वाचून दाखवलं. नशेमुळे, किंवा पुरुषानं स्वतः अथवा दुसऱ्यामार्फत गुंगी आणणारं काही दिल्यामुळे, आपण कशाला हो म्हणतोय हे बाईला कळत नसेल, तर त्या 'हो'ला कायद्यात संमती मानत नाहीत. नवऱ्याच्या बाबतीत कायदा कुठे थांबतो, म्हणजे सज्ञान बायकोबाबत नवऱ्याला या कलमातून सूट आहे, तेही त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं नाही. पण 'दुसऱ्यामार्फत' ऐकल्यावर मी माझ्या हातातल्या पेगच्या मापाकडे बघितलं. तो दुसरा म्हणजे काउंटरमागचा माणूस. उस्तादांनी हे शिकवलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

तेव्हापासून कार्डावर मिली आहेत आणि कोऱ्या जिनचा घोट आहे. ज्यानं मूळ दारू चाखली, त्याला नंतर त्या गोड ग्लासात ती ओळखू येते. निदान एक पेग आहे की चार, एवढा संशय यायला जीभ तयार होते. सरप्राइज द्यायचंय? द्या. गुलाबाऐवजी द्राक्षाचं पाठवा, ग्लासाखाली चिठ्ठी ठेवा, तिच्या आवडीचं गाणं लावायला सांगा, मी सगळ्यात सामील आहे. अंगठी बर्फात घालू नका एवढंच, घशात जाते. पण दारू किती, हे पिणाऱ्याला माहीत असणार.

पंचवीस वर्षं पूर्ण आहेत का हेही मी विचारतो, कारण महाराष्ट्रात स्पिरिट्ससाठी वयाची अट तीच आहे. त्यानंही मूड जातो असं काहींचं म्हणणं आहे. त्यावर मी वाद घालत नाही.

वाद घरात आहे. माझी बायको पहिल्यापासून त्या बाईंच्या बाजूची. ती म्हणते, सांगायलाच हवं होतं, पण असं नाही. एखाद्या मुलीनं त्यांना बाजूला नेऊन सांगितलं असतं तर पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. तू त्यांच्याकडून तेही काढून घेतलंस. मी म्हटलं, आमच्याकडे तेव्हा एकही मुलगी कामाला नव्हती, मी कुणाला पाठवणार होतो? ती म्हणाली, मग तुमचा बार अर्ध्या गिऱ्हाइकांसाठी कसा तयार होता?

यंदा जोडप्यांच्या आठवड्यासाठी मालकांनी एक मुलगी ठेवली आहे. तिच्या आईनं मला विचारलं, बारमध्ये मुलींनी काम करणं कायद्यात बसतं का? दिल्लीत तशी बंदी होती आणि सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली ते कलम रद्द ठरवलं, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, कोर्टाचं ठीक आहे, रात्री घरी कोण सोडणार? मी सोडतो. पहिल्याच दिवशी त्या मुलीला मी सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, मी ग्लास नेलाच नसता, आधी त्यांना आत बोलावलं असतं. आणि त्या आल्या नसत्या तर? यावर तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, 'मग बहुतेक तुमच्यासारखंच, दादा. पण हळू आवाजात.'

हे मी बायकोला सांगितलं. तिला ते पटलेलं नाही.