आमची वाटचाल: हिरडा, आवळा आणि पन्नाशीची त्वचा

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा म्हणजे बाळहिरडा. उन्हाळ्यात कोवळी फळं काढायची, वाळवायची, व्यापाऱ्याला घालायची. त्यावर अनेक आदिवासी घरांचा वर्षाचा खर्च निघतो. त्रिफळ्याला मात्र पक्व हिरडा लागतो, आणि फळ पिकेपर्यंत थांबणं त्या घरांना परवडत नाही. म्हणून मी आणि जाऊबाईंनी त्रिफळा चूर्णाचा व्यवसाय सुरू केला तेव्हा आधी हे ठरवलं: काही झाडं आमच्यासाठी राखायची आणि त्यांचे पैसे उन्हाळ्यातच चुकते करायचे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची कितीतरी झाडं आडवी झाली. त्या हंगामात आम्ही चूर्ण कमी विकलं, पण बाजारातली तयार पूड त्यात मिसळली नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पन्नाशीपुढच्या. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, झपाट्यानं घटतं, चेहरा कोरडा आणि सैल पडतो. त्यांना लेप हवा असतो. मंजिष्ठा, अनंतमूळ आणि ज्येष्ठमधाचा लेप आम्ही देतोही; चरकसंहितेतल्या वर्ण्य गणात, म्हणजे कांती सुधारणाऱ्या औषधांच्या यादीत, ही तिन्ही आहेत. पण आधी विचारतो, "काकू, पोट रोज साफ होतं का? जेवणात भाकरी, पालेभाजी किती?" त्याच ग्रंथातल्या वयःस्थापन (तारुण्य टिकवणाऱ्या) गणात हिरडा, आवळा, गुळवेल आहेत, म्हणजे पोटात घ्यायची औषधं. आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्नावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं स्निग्धाम्ल तयार करतात, आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. त्वचेशी असलेल्या त्याच्या नात्यावर संशोधन अजून चालू आहे, एवढंच आम्ही सांगतो.

म्हणून चूर्णासोबत आंबिलीचं नाचणीपीठ ठेवलं. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं आणि कोमट झाल्यावर पुन्हा ताजं ताक घालायचं. गरम आंबिलीत घातलं तर ताकातले जिवाणू मरतात. आवळाही आम्ही सावलीतच वाळवतो, कारण कोलॅजन बनायला लागणारं सी जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं. सावलीत वेळ लागतो, भाव थोडा चढतो.

"सुरकुत्या घालवा" असं पाकिटावर छापा, असा आग्रह विक्रेते अजूनही धरतात. आम्ही छापत नाही. त्वचेला सर्वांत जास्त म्हातारं करतं ऊन, म्हणून चिठ्ठीवर पहिली ओळ सनस्क्रीन आणि डोक्यावरच्या पदराची असते. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण देत नाही.

यंदा नाचणी दळण्याचं काम गावातल्या बचत गटाकडे सोपवलं आहे.