वैशाखात फसली, मार्गशीर्षात जमली
बिअर घरी करून बघायची माझी फार दिवसांची हौस. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी दारू करता येत नाही, आणि कायदा मोडून मला काही करायचं नव्हतं. म्हणून आल्याची बिअर धरली. तीही आंबवूनच होते, पण दोन दिवसांत फ्रीजमध्ये घातली की ती सरबताच्या जवळची राहते.

पहिल्यांदा केली ती मे महिन्यात, भुसावळला. बाहेर ४४ अंश. काचेची बाटली स्वयंपाकघरात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती फुटली. काचा पार तांदळाच्या डब्यापर्यंत उडाल्या होत्या. नशीब, तिथे कोणी नव्हतं. तेव्हापासून काचेची बाटली वापरली नाही.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात केली. बरणीत दोन कप पाणी घेतलं आणि रोज एक चमचा किसलेलं आलं नि एक चमचा साखर घालत गेलो. आलं सालासकट किसायचं, कारण रानातलं यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, सालीवरच असतं. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवायचं, नाहीतर क्लोरीन यीस्टला मारतं. चौथ्या दिवसापर्यंत काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी बरणीला कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. विरजण लागलं होतं! मग दोन लिटर पाण्यात आलं उकळून त्यात साखर घातली, गार झाल्यावर लिंबू आणि अर्धा कप विरजण घातलं आणि सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरलं. बाटली रोज अंगठ्याने दाबून बघायची. दगडासारखी लागली की लगेच फ्रीज.

रविवारी सावद्याजवळ मित्राच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. काटक्यांवर वांगी भाजली जात होती, सोबत कळण्याची भाकरी. मी आल्याची बिअर नेली, बाकीच्यांनी दुकानातून तीन जातींच्या बाटल्या आणल्या होत्या. पिल्सनर आधी घेतली. सोनेरी, स्वच्छ, शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा. ही १८४२ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्सेन गावात जन्मली. स्टाउट काळी, भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी. भरिताच्या धुरकट चवीला तीच सगळ्यात शोभली, हे माझं ठाम मत आहे.

गव्हाची बिअर मात्र मी विसरणार नाही. केळीचा बागाईतदार असलेल्या मित्राने ग्लास नाकाशी नेला आणि थांबला. "का रे भाऊ, याच्यात केळं टाकलंय का?" आम्ही सगळ्यांनी पुन्हा वास घेतला. खरंच पिकलेल्या केळाचा होता. केळं त्यात मुळीच नसतं. त्या जातीचं यीस्ट आंबताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन तयार करतं, आणि पिकलेल्या केळाचा वासही त्याचाच. १५१६ च्या बव्हेरियाच्या बिअर कायद्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढीच नावं आहेत, यीस्टचा उल्लेखच नाही. आणि निम्मी चव त्याचीच!

शेवटी माझी बाटली उघडली. फेस वर आला पण सांडला नाही. आलं घशाला लागलं, गोडी बेताची. मळेवाल्या मित्राच्या आईने दोनदा मागून घेतली. निघताना मित्राने विरजण मागितलं. ते दिलं, आणि चुलीजवळ ठेवू नकोस, माठाशेजारी ठेव, एवढं दोनदा बजावलं.