सूट नको, बिल आहे तसंच पाठवा

खिडकीचा एक पट्टा बदलायचे १६८ युरो ३९ सेंट. बिल माझ्या नावावर, भरायची मुदत चौदा दिवस. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात शंभरनं गुणलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, एवढ्यात आपल्याकडे अख्ख्या घराचे पडदे शिवून, लावून होतात!"

पट्टा कसला ते आधी सांगते. स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात आम्ही भाड्यानं राहतो. इथल्या बहुतेक घरांसारखं आमच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून 'रोललाडन' आहे. दुकानाच्या शटरसारखंच, फक्त हलक्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं. खिडकीच्या वर भिंतीत एक पेटी असते, तिच्यात दांड्यावर ते गुंडाळलं जातं. वरखाली करायला खोलीच्या आतून एक कापडी पट्टा लोंबत असतो, त्याचं खालचं टोक भिंतीतल्या स्प्रिंगच्या चाकावर गुंडाळलेलं. रोज ओढून ओढून हा पट्टा कडेनं उसवत जातो. आमचा एका रात्री तुटला आणि शटर धाडकन खाली आलं. खोली नेमकी सासूबाईंची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजताही त्यांना दिवा लावून चहा घ्यावा लागला.

हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे घरमालकाच्या वतीनं इमारतीचं सगळं बघणाऱ्या कंपनीला, मी मेल टाकली. त्यांनी आपल्या नेहमीच्या फर्मचा माणूस पाठवला. माणूस कामाला चोख. बूट बाहेर काढू का म्हणून विचारलं, मग स्वतःच बुटांवर निळी पिशवी चढवली. पेटीचं झाकण उघडलं, शटर वर ढकलून पाचर मारली, जुना पट्टा सोडवला. चाकातली स्प्रिंग सुटून हाताला लागू नये म्हणून भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून ठेवला, नवा पट्टा ओवला, दोनदा वरखाली करून बघितलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "हात चांगला आहे हो याचा," असं त्यांनी मराठीतच त्याला सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटांत काम संपलं. जाताना त्यानं सहीसाठी कागद पुढे केला. माझी नोकरी पर्चेसमधली, त्यामुळे सहीखाली आपण कोण ते लिहायची सवय हाताला आहे. 'मीटरिन', म्हणजे भाडेकरू, असं लिहून सही केली.

बिल आलं ते असं: आनफार्ट, म्हणजे यायजायचा खर्च, ५९ युरो. मजुरी एक तास ६२. पट्टा १४.५०. किरकोळ साहित्य ६. एकूण १४१.५०, त्यावर १९ टक्के कर २६.८९.

तासाची मजुरी बघून मी गप्प बसले. इथे कारागिराला पगार, विमा, वर्कशॉप, गाडी सगळं त्यातच बसवायचं असतं, आणि तो चौथीतून शाळा सोडून आलेला कोणाचा तरी भाचा नसतो. तीन-साडेतीन वर्षं रीतसर शिकून परीक्षा दिलेला असतो. माझं डोकं फिरलं ते त्या ५९वर. कारण या बाबाची गाडी सकाळपासून आमच्याच अंगणात उभी होती! तळमजल्यावरच्या तुर्की आजोबांच्या संडासाच्या टाकीचं काम करून तो जिन्यानं वर आला होता. आजोबांना विचारलं, तर त्यांच्याही बिलात ५९. म्हणजे गाडी एकदा आली आणि भाडं दोनदा लागलं.

जर्मनीत आनफार्ट किती घ्यावं याचा सरकारी दर नाही. आधी ठरलं असेल ते, आणि काहीच ठरलं नसेल तर त्या भागात जे 'नेहमीचं' असेल ते, असं तिथला दिवाणी कायदा म्हणतो (कलम ६३२). पण एकाच फेरीत दोन गिऱ्हाइकं केली तर खर्च दोघांत वाटला पाहिजे, हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. मी फर्मला तशी मेल लिहिली. सभ्य, दोन परिच्छेदांची. त्यातच हेही लिहिलं की काम मी सांगितलेलं नाही, हाउसफेरवाल्टुंगनं सांगितलंय, तेव्हा बिलही त्यांनाच जायला हवं. मेलची प्रत त्यांना.

हाउसफेरवाल्टुंगचं उत्तर आधी आलं, तेही गोड. तुमच्या भाडेकरारात 'क्लाइनरेपाराटूर'चं कलम आहे, शंभर युरोपर्यंतच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च भाडेकरूनं द्यायचा. बिल त्याहून मोठं आहे, तर शंभर तुम्ही भरा, उरलेले ६८.३९ आम्ही भरतो.

नवरा म्हणाला, "देऊन टाक ना. शंभरासाठी कशाला डोक्याला ताप?" मलाही क्षणभर पटलं. कलम करारात होतं, खाली सही आमची होती. पण पर्चेसमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. समोरचा न मागता रक्कम फोडून देतो, तेव्हा ती का फोडली ते बघावं.

म्हणून मी मीटरफेराइनमध्ये गेले. ही भाडेकरूंची संघटना. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असते, वर्षाची वर्गणी भरायची आणि सल्ला घ्यायचा. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्यानं राहतात, त्यामुळे इथे कधीच शुकशुकाट नसतो. माझ्यासमोर पांढऱ्या बॉबकटच्या वकीलबाई होत्या. त्यांनी करार वाचला, बिल वाचलं आणि हाउसफेरवाल्टुंगची मेल वाचून चक्क हसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. घर सुस्थितीत ठेवणं हे मुळात घरमालकाचं काम (कलम ५३५). किरकोळ दुरुस्ती भाडेकरूवर ढकलायची पळवाट सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं, बुंडेसगेरिख्ट्सहोफनं, १९८९मध्ये मान्य केली, पण दोरीनं बांधून. वस्तू अशी हवी की भाडेकरूचा रोज हात लागतो: नळ, दिव्याचं बटण, खिडकीची कडी, शटरचा पट्टा. भिंतीतला पाइप किंवा वायर त्यात येत नाही. एका दुरुस्तीला कमाल रक्कम करारात लिहिलेली हवी, साधारण शंभरच्या आसपास. वर्षाची कमाल मर्यादाही हवी. शिवाय १९९२मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की कारागीर बोलवायचं काम भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. करारात तसं असलं तर कलमच कोसळतं.

आणि मग आली गंमत. ही मर्यादा म्हणजे विम्यातला 'आपला हिस्सा' नव्हे. बिल मर्यादेच्या आत असलं तर सगळं भाडेकरूचं. मर्यादेच्या वर एक युरो जरी गेलं, तर ती किरकोळ दुरुस्तीच राहत नाही आणि सगळं बिल घरमालकाचं. शंभर आमचे, बाकीचे तुमचे असा मधला रस्ता नाही. करारात लिहिला तरी चालत नाही.

"तेव्हा तुम्ही शून्य भरायचे," बाई म्हणाल्या. मग माझी फर्मला गेलेली मेल त्यांच्या हाती लागली. त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ६२, अधिक १४.५०, अधिक ६, त्यावर १९ टक्के. आकडा माझ्याकडे वळवून दाखवला: ९८.१८.

"फर्मनं तुमचं ऐकून आनफार्ट माफ केलं, तर बिल शंभराच्या आत येतं. मग सगळे पैसे तुमचे."

ज्या ५९ युरोंवरून माझा रक्तदाब वाढला होता, तेच मला वाचवत होते. आनफार्ट अर्धं जरी कमी केलं असतं, तरी बिल शंभराच्या वरच राहिलं असतं आणि मी सुटले असते. पण फर्मनं मोठ्या मनानं पूर्ण माफ केलं की मेलेच.

आणि फर्मनं नेमकं मोठं मन दाखवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून ट्रॅममध्ये चढत होते, तेवढ्यात फोन. श्वेबिश हेल काढून बोलणाऱ्या एक बाई, आवाजात नुसता मध. तुमचं म्हणणं बरोबर आहे, एकाच फेरीत दोन घरं झाली, आम्ही 'कुलान्त्स' म्हणून, म्हणजे आमच्याकडून सद्भावना म्हणून, तुमचं आनफार्ट काढून टाकतो, नवं बिल पाठवू का?

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या सीटवरचा कुत्रा उठून बसला.

पलीकडे शांतता. सूट नाकारणारं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. मी सांगितलं की मी तुमची गिऱ्हाईक नाहीच, मी फक्त दार उघडणारी. दर ठरवायचा अधिकार माझा नाही, तेव्हा माझी ती विनंती मागे घेते. बिल आहे तसंच, एका सेंटचाही फरक न करता, हाउसफेरवाल्टुंगच्या नावावर करून द्या. हा थोडा कोडगेपणा झाला हे मला कळतं. दुहेरी आनफार्ट चूकच होतं आणि ते मी आधी लेखी सांगितलेलंही होतं, प्रत हाउसफेरवाल्टुंगला होती. बिल त्यांचं असेल तर घासाघीसही त्यांनीच करावी. त्यांनी माझी मेल नीट वाचली असती तर ५९ युरो वाचले असते, वर बिलही माझ्यावर आलं असतं. नाही वाचली.

मध्ये एक मानुंग आली, पैसे भरा असा स्मरणाचा कागद, वर पाच युरो चढवून. नव्यानं आलेली आपली मुलं या कागदाला फार घाबरतात आणि 'शूफा खराब होईल' म्हणून मुकाट्यानं भरून मोकळी होतात. शूफा म्हणजे आपल्या सिबिलसारखी पत मोजणारी संस्था. पण ज्या बिलावर तुम्ही लेखी हरकत घेतली आहे, ते बुडीत म्हणून तिथे नोंदवता येत नाही. म्हणून हरकत लेखी हवी, फोनवर भांडून उपयोग नाही. घाबरायचंच असेल तर पिवळ्या पाकिटाला घाबरा. त्यात मानबशाइड, म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा आदेश, असतो. कोर्ट मागणी खरी की खोटी हे न तपासताच तो पाठवतं, आणि दोन आठवड्यांत सोबतचा हरकतीचा फॉर्म भरून धाडला नाही, तर प्रकरण थेट वसुलीच्या वाटेला लागतं. सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी टपाल बघायला कुणाला तरी सांगून जावं.

मी मानुंगला तीन ओळींचं उत्तर दिलं, वकीलबाईंनी सांगितलेली कलमं घालून, दोघांनाही. हाउसफेरवाल्टुंगकडून एका ओळीची मेल आली: बिल परस्पर भागवलं आहे. क्षमा वगैरे काही नाही. आता वर्षअखेरीच्या नेबनकोस्टनच्या हिशेबात, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांच्या खर्चात, हा पट्टा हळूच शिरतो का ते बघणार आहे. दुरुस्तीचा खर्च त्यात घालता येत नाही, पण घालून बघणारे असतात.

हे सगळं झालं भाडेकरूचं. स्वतःची वस्तू असेल आणि कारागीर आपणच बोलावला असेल, तर आनफार्ट आपलंच, सुटका नाही. माझ्या ऑफिसातल्या एकीनं वॉशिंग मशीन बघायला माणूस बोलावला. तो म्हणाला, पंप गेला, नवीन घ्या. आणि त्याचेच शंभरावर युरो लावले. तिचा दावा असा की नुसत्या अंदाजपत्रकाचे पैसे घेता येत नाहीत. कायदा तसं म्हणतो खरा, पण बिघाड शोधून काढणं हे काम धरलं जातं आणि त्याचे पैसे लागतात. तिला भरावे लागले. बोलावतानाच मेलवर विचारावं: यायचे किती, मजुरी किती मिनिटांच्या टप्प्यांनी मोजणार, आकडा कर धरून का. घरगुती गिऱ्हाइकाला कर धरूनच भाव सांगायला ते बांधील असतात. आणि पैसे रोख देऊ नयेत. बिल घेऊन बँकेतून भरले, तर मजुरी आणि आनफार्ट यांचा पाचवा हिस्सा आयकरातून वजा होतो, वर्षाला १२०० युरोपर्यंत. साहित्याला ही सवलत नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या खालच्या आजोबांचं काय झालं?"

आजोबांनी शंभर भरून टाकले होते. त्यांचं बिल एकशे एकवीसचं होतं, हाउसफेरवाल्टुंगनं त्यांनाही तीच गोड मेल पाठवली होती. चाळीस वर्षं उन्टरटुर्कहाइमच्या कारखान्यात काढलेला माणूस, कागद आला की भरायचा ही सवय. चुकून भरलेले पैसे परत मागायला इथे तीन वर्षं मिळतात, तीही ज्या वर्षी भरले ते वर्ष संपल्यानंतर मोजायची. माझंच पत्र घेतलं, पट्ट्याच्या जागी टाकी घातली, आकडे बदलले. टाकीच्या आतला भाग 'रोज हात लागणारी वस्तू' धरायचा का, यावर वाद होऊ शकतो, पण आजोबांच्या बाबतीत तो वाद घालायचीच गरज नाही, १२१ हा आकडाच पुरेसा आहे. गेल्या शुक्रवारी त्यांनी सही केली आणि सहीखाली 'मीटर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. पत्र रजिस्टर टपालानं गेलंय.