आधी टाऊची बेरीज, मग तीव्रता

तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत पाणी, कार्बन डायऑक्साइड, ॲसिटिलीन असे रेणू अवरक्त प्रकाशात चमकतात. तो वर्णपट साध्या लॅपटॉपवर काढता येतो. साताऱ्यातल्या एमएस्सीच्या मुलांनी हा प्रोजेक्ट जरूर घ्यावा. पायथन आणि हायट्रान या रेणूंच्या डेटाबेसची मोफत रेषायादी एवढ्यावर भागतं.

सुरुवात स्लॅब मॉडेलने करा: एकाच तापमानाचा वायूचा सपाट थर. ठरवायचे आकडे तीनच. तापमान, कॉलम डेन्सिटी (दर चौरस सेंटीमीटरमागे थरातले रेणू) आणि चमकणाऱ्या भागाची त्रिज्या.

हायट्रानमधून प्रत्येक रेषेची तरंगसंख्या, आइन्स्टाइन-ए (रेणू आपोआप प्रकाश सोडतो तो दर), खालच्या पातळीची ऊर्जा आणि दोन्ही पातळ्यांची सांख्यिकीय वजनं घ्या. ऊर्जा प्रति सेंटीमीटरमध्ये असते, तिला १.४३८८ ने गुणलं की केल्विन मिळतात. यादीतली तीव्रता २९६ केल्विनची असते, ती जशीच्या तशी ४०० केल्विनच्या वायूला लावू नका. पार्टिशन फंक्शनही (रेणू कोणत्या पातळीत किती, हे ठरवणारी बेरीज) आपल्याच तापमानाचं हवं.

खरी गोम ऑप्टिकल डेप्थमध्ये, म्हणजे टाऊमध्ये आहे: वायू प्रकाशाला किती अडवतो त्याचं ते माप. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुकं दाट झालं की समोरचा पांढरा पडदा तेवढा दिसतो. त्यामागे धुकं शंभर फूट आहे की मैलभर, ते कळत नाही. रेषेचंही तसंच. टाऊ १० असो की १००, माथ्याची उंची जवळपास तीच, प्लांक वक्राइतकी (त्या तापमानाच्या आदर्श तप्त वस्तूच्या प्रकाशाइतकी). आता कार्बन डायऑक्साइडची १४.९८ मायक्रॉनची क्यू-शाखा (रेषांचा दाट गट) बघा: तिथे असंख्य रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येकीची तीव्रता वेगळी काढून बेरीज केली, तर उत्तर प्लांक वक्राच्याही वर जातं, आणि ते अशक्य आहे. म्हणून प्रत्येक तरंगलांबीला सगळ्या रेषांचे टाऊ आधी मिळवा. मग प्लांक गुणिले (१ वजा ई चा उणे टाऊ घात).

ग्रिडही बारीक हवी. रेषेची रुंदी ४.७ किमी/से धरली तर पायरी १ किमी/से ठेवा. १३ ते १७ मायक्रॉनला सुमारे ८०,००० बिंदू लागतात, लॅपटॉपला ते जड नाहीत. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मिरी या अवरक्त उपकरणाची विभेदनक्षमता इथे २५०० च्या आसपास, म्हणजे १२० किमी/से. तेवढं धूसर करायचं ते सगळ्यात शेवटी. आधीच जाड ग्रिडवर टाऊ काढला तर तृप्त (मोठ्या टाऊच्या) रेषा विरळ भासतात आणि कॉलम डेन्सिटी चुकते.

त्यानंतर पाय गुणिले त्रिज्येच्या वर्गाने गुणून ताऱ्याच्या अंतराच्या वर्गाने भागा. दोन्ही एकाच एककात.

वायू विरळ असेल तर कॉलम डेन्सिटी आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकारच कळतो, दोन्ही सुटे कळत नाहीत. उलट वायू दाट असेल तर कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) वाला कार्बन डायऑक्साइड कामी येतो. त्याची क्यू-शाखा १५.४ मायक्रॉनजवळ असते. तो दुर्मीळ, म्हणून त्याचा टाऊ कमी. मुख्य रेणू तृप्त झाला तरी याच्यावरून वायू किती आहे ते सांगता येतं. जीडब्ल्यू ल्युपाय या ताऱ्याच्या तबकडीत तो वेबच्या वर्णपटात २०२३ मध्ये दाखवला गेला. मात्र हायट्रानच्या तीव्रतेत पृथ्वीवरचं समस्थानिकांचं प्रमाण आधीच गुणलेलं असतं. तीव्रता वापरून वर पुन्हा स्वतःचं प्रमाण लावलं, तर रेषा जवळपास शंभरपट फिकी पडते. आइन्स्टाइन-ए मध्ये हा गुणाकार नसतो. म्हणून तोच वापरा.