टेबलाला लावलेलं स्टिअरिंग

लॉजिटेकचं जी-29, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडीचे गेम खेळायचं स्टिअरिंग, यूएसबीला जोडून चालू केलं की ते आपलं आपण डावीकडे पूर्ण फिरतं, मग उजवीकडे पूर्ण, आणि मध्ये येऊन गप्प उभं राहतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तेवढा वेळ त्याला हात लावायचा नसतो. आमच्या आजीने हे बघितलं आणि म्हणाली, अगं बाई, ह्याला फिरवतंय कोण? मी म्हटलं, मोटर आहे गं आत, दोन आहेत. मग तू कशाला बसलायस तिथे, असं तिने विचारलं आणि मला पटकन काही उत्तर सुचलं नाही.

तर मोटर कशाला हे सांगतो. गाडी हाताने चालवतात असं आपल्याला वाटतं पण खरं तर ती बुडाने चालवतात. मागचा टायर घसरायला लागला की आधी कळतं ते सीटमधून, कंबरेतून, नजरेला नंतर दिसतं. आणि सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायच्या गेममध्ये, खुर्ची जागची हलत नाही, बुडाला काही म्हणजे काही कळत नाही, त्यामुळे सगळे निरोप हातांकडून आणि कानांकडून यायला हवेत. सेटिंग करायचं म्हणजे एवढंच, बुडाचं काम मनगटांना शिकवायचं.

आणि मनगटांना कळतं बरं का, भरपूर कळतं. वळणात टायर पिळला जातो तेव्हा तो स्टिअरिंगला परत सरळ करायला बघतो, ते वजन हाताला लागतं. पण पुढच्या टायरची पकड संपत आली की टायरचा जमिनीला टेकलेला जो तुकडा असतो त्याचा मागचा भाग आधी घसरायला लागतो, जोर पुढे सरकतो, आणि स्टिअरिंग अचानक हलकं वाटतं. पकड पूर्ण सुटायच्या जरा आधी. हे हलकं होणं ज्याला ओळखता आलं त्याला अर्धं ड्रायव्हिंग आलं असं माझं मत आहे. आपल्या रोजच्या हॅचबॅकमध्ये हे जाणवत नाही फारसं, कारण इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बराचसा निरोप मध्येच खाऊन टाकतं. म्हणजे टेबलाला लावलेलं स्टिअरिंग खाली पार्किंगमधल्या खऱ्या गाडीपेक्षा जास्त बोलतं, गंमतच आहे.

फक्त त्याला बोलू द्यायला पाहिजे. नवीन माणूस काय करतो, फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर हाताला देते तो जोर, 100 टक्के, कारण जड म्हणजे खरं! जी-29 ची ताकद, म्हणजे पिळायचा जोर, दोन-सव्वादोन न्यूटन मीटर, त्याच्या पलीकडे ते जाऊच शकत नाही. गेमने त्याहून मोठा जोर मागितला की सगळं वरच्या टोकाला चिकटतं, याला क्लिपिंग म्हणतात, गणपतीत मंडपातला स्पीकर फुल केला की ढोल कुठला ताशा कुठला काही कळत नाही तसं. असेटो कोर्सा नावाच्या रेसिंगच्या गेममध्ये पेडलची छोटी खिडकी उघडून ठेवता येते, त्यात फोर्सची एक पट्टी असते, ती लाल झाली की समजायचं आता हाताला खोटं सांगितलं जातंय. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, त्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर, कारूसेल नावाचं काँक्रीटचं कललेलं वळण आहे. डावी चाकं त्यात टाकली की काँक्रीटच्या तुकड्यांमधले सांधे एकेक करून हाताला ठोकतात. या गेममधला तो ट्रॅक लेझरने मोजून बनवलाय त्यामुळे ते सांधे आहेत, खरंच आहेत, पण गेन, म्हणजे तो फोर्सचा आकडा, जास्त असला की नुसता एक जड धक्का लागतो आणि वळण संपतं. गेन खाली आणत आणत गेलं की एका ठिकाणी सांधे सुटे सुटे लागायला लागतात. तिथे थांबायचं. कुणाच्याही व्हिडिओतला आकडा कॉपी करू नये, प्रत्येकाची गाडी वेगळी असते.

बाकी स्टिअरिंगच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये 900 अंश ठेवायचे, म्हणजे अडीच फेरे, गेम गाडीनुसार जुळवून घेतो. सेंटरिंग स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप मध्ये ओढणारा जोर, बंद. झालं.

आता पेडल. पेडलच्या खाली गालिच्यात रुतणारे दाते दिलेत, बाहेर काढता येतात. कुणाच्या घरी गालिचा आहे सांगा मला, आपल्याकडे लादी, त्यातही ती चकचकीत व्हिट्रिफाइड, आणि वर चाकांची ऑफिसची खुर्ची. जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे, मी मागे, आणि गाडी सरळ बॅरिअरमध्ये. उपाय सगळे घरगुतीच आहेत, पेडल भिंतीला टेकवा नाहीतर मध्ये पाट आडवा घाला, खुर्चीची चाकं जुन्या बुटात बसवा नाहीतर सरळ प्लास्टिकची खुर्ची घ्या. मी पाट आणि प्लास्टिकची खुर्ची या पक्षाचा आहे. पाटावर जेवायला कोणी बसत नाही आता, त्याला काहीतरी काम मिळालं.

ब्रेकचं एक कळलं पाहिजे. खऱ्या गाडीत पॅड एकदा टेकले की पेडल जवळजवळ हलत नाही, पुढचं सगळं पाय किती दाबतो त्यावर. आणि पायाला अंतर लक्षात राहत नाही, दाब राहतो. हे पेडल मात्र अंतरच मोजतं, आत एक रबर टाकून दाबाचा आभास केलाय. ते रबर इतकं घट्ट की बऱ्याच जणांचा पाय 80 टक्क्यांच्या पुढे जातच नाही, मग त्यांना वाटतं गाडीचेच ब्रेक वाईट. तेवढ्या दाबालाच पूर्ण ब्रेक लागेल असं सेट करून घ्यायचं.

मग नजर, म्हणजे गेमने समोरचं दृश्य किती अंश रुंद दाखवायचं ते. 24 इंची मॉनिटर डोळ्यांपासून 70 सेंटिमीटरवर असेल तर खिडकीसारखा खरा हिशोब येतो आडवा 41-42 अंश. गेम सुरुवातीला त्याहून बरंच जास्त दाखवतो. खरा आकडा टाकला की बाजूचा आरसा गायब, अर्धा डॅशबोर्ड गायब, आणि वेग एकदम मेल्यासारखा. दोस्त लोक इथेच कंटाळून परत जुना आकडा टाकतात. पण वळण किती लांब आहे आणि ब्रेक कुठे लावायचा हे या मरगळलेल्या दृश्यातच नीट कळतं.

गिअरचा दांडा वेगळा विकत मिळतो आणि तो कुठल्या बाजूला लावायचा हा आपला खास प्रश्न आहे. गेममधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, म्हणजे गिअर उजव्या हाताला. आपला उजवा हात आयुष्यभर स्टिअरिंगवर, गिअर डाव्याने. मी डावीकडेच लावला. पडद्यावरचा ड्रायव्हर उजव्या हाताने गिअर टाकतो, मी डाव्याने, त्यामुळे शेवटी पडद्यावरचे हातच लपवले.

बाबांना रेस आवडत नाही, त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर लावून दिलं आणि मुद्दाम इंग्लंडमध्ये सोडलं कारण तिथे डावीकडून चालवायचं. रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर देऊन लेन बदलतात, सिग्नलला न्यूट्रल करून हँडब्रेक. हे स्टिअरिंग हलकं आहे रे, एवढा मोठा ट्रक असा वळत नाही, म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं, खऱ्या ट्रकला अडीच फेऱ्यांत काही होत नाही.

मित्र म्हणतात आता डायरेक्ट ड्राइव्ह घे, गिअर-बेल्ट काही नाही, मोटर थेट स्टिअरिंगच्या दांड्याला. जी-29 पेक्षा बरीच जास्त ताकद असते, 25 न्यूटन मीटरचेही आहेत. घेईन कधीतरी, पण आधी दाब मोजणारा लोडसेलचा ब्रेक, मग बाकीचं. आणि त्याच्याही आधी टेबल बघावं लागेल, कारण आत्ताच क्लॅम्पखाली सनमायका फुगायला लागलाय आणि हे टेबल आईचं आहे.