रियाजाच्या खोलीत फुगणारा षड्ज: माझा अनुभव

खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. भिंती उघड्या, खाली टाइल्स. काळी एकचा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) तानपुरा सुरू केला की षड्ज एका जागी फुगायचा आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा व्हायचा. टाळी वाजवली की मागे ‘टर्रर्र’ अशी शेपटी यायची.

भिंतींवर आधी अर्धा इंच फोम चिकटवून पाहिला. त्यानं ‘स’, ‘श’ बुजले, घुमारा तसाच राहिला. कारण साधं आहे: काळी एकचा सा म्हणजे साधारण १३९ हर्ट्‌झ, त्याची लहर जवळजवळ अडीच मीटर लांब. अर्ध्या इंचाला ती दाद देत नाही. अंड्यांच्या ट्रेचीही तीच गत.

मग आधी गणित केलं. खोलीच्या लांबीत जी लहर नेमकी बसते, ती फुगते. ध्वनीचा वेग ३४३ भागिले लांबीची दुप्पट (७.३२ मीटर) म्हणजे ४७ हर्ट्‌झ, त्याची तिप्पट १४१. सा नेमका त्याच्या शेजारी बसतो! रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरनं मोजलं, तर आवाज विरायला १ सेकंद लागत होता. मला ०.४ हवा होता. सॅबाइनच्या सूत्रानं (विरायचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण) ३२ घनमीटरच्या या खोलीत आणखी सुमारे ८ चौरस मीटर शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग, लागतं.

घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिमी जाडीचे, ४ बाय २ फुटांचे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) स्लॅब २८ घेतले. त्यातले १६ दोन कोपऱ्यांत गेले. प्रत्येक स्लॅबचे दोन चौकोन, चौकोनाचे दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण, आणि ते जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक. कोपरा निवडताना दार उघडतं कुठे ते आधी पाहा. उरलेल्या १२ स्लॅबचे दोन-दोन एकावर एक ठेवून सहा पॅनेल केले, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत, भिंतीपासून ४ इंच सोडून. ही फट फुकटात खालचे सूर पकडते, शिवाय पावसाळ्यात भिंतीची ओल कापडाला लागत नाही.

पॅनेलची जागा आरशानं ठरवली. मी गायच्या जागी बसलो, एकानं आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवला; जिथे माईक दिसला, तिथे खूण.

पॅनेलवर चढवायच्या कापडाला तोंड लावून फुंकून पाहायचं. श्वास आरपार गेला तरच घ्यायचं. सुती चालतं, रेक्झिन नाही. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्याचे धागे दोन दिवस खाजतात. शेजारचा आवाज मात्र यानं अडत नाही. ते काम वजनदार भिंतीचं आणि फटी बुजवण्याचं.

पुन्हा मोजलं तेव्हा ०.४५ सेकंद आला. सा अजून थोडा मोठा ऐकू येत होता, कारण माईक भिंतीपासून बरोबर ४ फुटांवर, म्हणजे त्या लहरीच्या शिखरावर होता. तो ३ फुटांवर घेतला आणि सा आवाजात पंचमाच्या बरोबरीला आला.