९९ टक्के रंग गेला म्हणे

कापडाच्या रंगाचं पाणी साफ करण्यावरचे पेपर वाचायला घेतले की एक गोष्ट हमखास दिसते, रिझल्ट कायम ९५ टक्क्यांच्या वर. शेंगांची टरफलं घ्या नाहीतर भाताचं तूस घ्या, धुवा, वाळवा, दळा, रंगीत पाण्यात टाकून हलवा, रंग गायब! मग कापड रंगवणाऱ्या युनिटमधून पाणी अजून रंगीतच का बाहेर पडतं?

अर्धी गोम डाय (रंग) निवडण्यातच आहे. टेस्टला बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू असतो कारण तो स्वस्त, सहज मिळतो, ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून रंग मोजायच्या मशीनवर मस्त रीडिंग देतो. पण पाण्यात त्याच्यावर प्लस चार्ज, आणि झाडपाल्याच्या बऱ्याचशा भुकटीवर साध्या पीएचला मायनस, मग चिकटणारच ना तो, नाही चिकटला तर नवल. सॅम्पल फिल्टर पेपरमधून गाळलं तर पेपरसुद्धा निळा होतो, म्हणजे थोडा रंग पेपरनेच खाल्ला आणि क्रेडिट टरफलांना. नुसतं डायचं पाणी गाळून ब्लँक (पावडरशिवायची तुलनेची टेस्ट) घेतला होता का, हे मी आधी शोधते.

सुती कापडाला मात्र बहुतेक ठिकाणी रिअ‍ॅक्टिव्ह डाय वापरतात, म्हणजे कापडाशी रासायनिक जोड करून बसणारे, आणि ते मायनस चार्जवाले. कापड रंगवायच्या बाथमध्ये ढीगभर मीठ, वर सोडा अ‍ॅश, त्यात डायचा काही भाग कापडाऐवजी पाण्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन बसतो आणि मग तो कापडाला धरतच नाही, सरळ सांडपाण्यात. तिथला पीएच चढा, डाय मायनस, तूसही मायनस, दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. कोळंबीच्या टरफलांपासून बनवलेलं कायटोसान इथे चालतं, त्याच्या अमिनो ग्रुपवर प्लस चार्ज येतो, पण तो येतो आम्लात. म्हणजे आधी ते सगळं पाणी अ‍ॅसिड ओतून खाली आणा, आणि पीएच जास्तच उतरला तर साधं कायटोसान स्वतःच विरघळायला लागतं, म्हणून त्याला क्रॉसलिंक करा, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधा. खर्च वाढला.

आता टक्क्यांचा हिशोब बघा. १०० मिली पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम डाय, म्हणजे बीकरमध्ये एकूण रंग ५ मिलिग्रॅम. त्यात १ ग्रॅम पावडर टाकून सगळा रंग गेला तरी ग्रॅममागे फक्त ५ मिलिग्रॅम उचलला. हाच डोस १ लाख लिटरला लावला तर ५ किलो डायसाठी १ टन पावडर लागते! आणि रंग नष्ट झालेला नाही हं, फक्त पाण्यातून पावडरवर आलाय, आता तो टनभर ओला रंगीत चिखल कुठे टाकायचा ते बोला. शिवाय कच्चं तूस किंवा सालं आपलाच तपकिरी अर्क पाण्यात सोडतात, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो तो वेगळाच.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषून घेणारा खास कोळसा) भट्टीत तापवून परत वापरता येतो, दर वेळी थोडा जळतो तरी. पण त्यालाही मी मेन ट्रीटमेंट म्हणून नाही लावणार, आधी बायोलॉजिकल (जिवाणूंकडून सफाई) वगैरे करून शेवटी उरलेल्या रंगापुरता दाणेदार कार्बनचा कॉलम ठीक. तिथे खरा आकडा म्हणजे खालून रंग डोकावायच्या आत किती पाणी पार झालं, आणि तेही खऱ्या मीठवाल्या पाण्यावर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकटा डाय घोळून काढलेला ९९ टक्के मी तरी वाचून पुढे जाते.